साडेआठचा नेम

सकाळी साडेआठच्या सुमारास कोणी माझ्याकडे आले, तर मी त्यांना थोडा वेळ बसवून ठेवतो. मग येणारी व्यक्ती कितीही मोठी असो. चहा पुढे ठेवतो, वर्तमानपत्र हाती देतो आणि 'आलोच' असे म्हणून परसात जातो. परसाच्या मध्यभागी, झाडांपासून दूर, एक डबा जमिनीत रोवलेला आहे आणि त्यावर नरसाळे बसवलेले आहे. नरसाळे उचलायचे, आतील बाटली काढायची, तिच्यातील पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे, डोळा पाण्याच्या पातळीशी आणून आकडा वाचायचा आणि तो वहीत टिपायचा. सारे काम तीन-चार मिनिटांचे. पावसाळ्यात लोकांना त्याचे नवल वाटत नाही. परंतु मे महिन्याच्या रखरखीत उन्हातही मी बाटली उपडी करून पाहतो आणि वहीत शून्य लिहितो, तेव्हा पाहुणे माझ्याकडे जरा काळजीने पाहू लागतात. निवृत्त मुख्याध्यापकाविषयी काळजी वाटावी अशी आणखीही कारणे असतात. म्हणून मी ते मनावर घेत नाही.

मराठीत 'नेम' हा मोठा गमतीचा शब्द आहे. रोज ठरल्या वेळी करायची गोष्ट म्हणजे नेम. बाण सोडण्यापूर्वी धरतात तोही नेम. आणि ज्याची खात्री देता येत नाही, त्याविषयी आपण म्हणतो, 'त्याचा काही नेम नाही.' पावसाचा नेम नसतो हे तर आमच्याकडे पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक असते. ज्याचा स्वतःचा काही नेम नाही, अशा गोष्टीपायी माझ्या आयुष्यातला सर्वांत पक्का नेम मला लागावा, याचे मला अजूनही हसू येते.

हा नेम मला १९७२ साली लागला. लागला म्हणण्यापेक्षा लावला गेला, असे म्हणणे अधिक खरे. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि सातवीत नुकताच गेलो होतो. माझे गाव माणदेशातले, सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातले. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर आहे. तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या माथ्यावर आपले ओझे उतरवतात आणि आमच्यापर्यंत पोहोचेतो रिते होतात. आमच्या वाट्याला उरतो पाचशे मिलिमीटरांच्या आतबाहेरचा पाऊस, आणि त्यातही पुष्कळसा पावसाळा सरताना, उत्तरा-हस्त नक्षत्रांत पडणारा. ज्याला महाबळेश्वरचे लोक भुरभुर म्हणतील, त्याला आमच्याकडे पाऊस म्हणत.

आमच्या शाळेच्या गुरुजींना मोजण्याची फार हौस. मैदानाची लांबी, विहिरीची खोली, सावलीवरून झाडाची उंची, असे काहीबाही ते आमच्याकडून सतत मोजवून घेत. त्या उन्हाळ्यात त्यांनी तालुक्याच्या गावी एका पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून जस्ती पत्र्याचे नरसाळे व डबा करून घेतला. सरकारी पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचा व्यास तेव्हा १२७ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच असे. आमचेही बरोबर तेवढेच होते. ते कोठे बसवावे यावर गुरुजींनी एक अख्खी सकाळ खर्च केली. झाड किंवा भिंत जेवढी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर ते असले पाहिजे; नाही तर आडोशाने पाऊस अडतो. नरसाळ्याचा काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर हवा. नाही तर जमिनीवर आपटलेले थेंब उडून आत जातात आणि न पडलेला पाऊस मोजला जातो.

गुरुजींनी फळ्यावर आकृती काढून दाखवले, की मोजपात्राचे तोंड नरसाळ्याच्या तोंडाच्या एकदशांश क्षेत्रफळाचे असेल, तर एक मिलिमीटर पावसाचे पाणी त्यात दहा मिलिमीटर उंच चढते आणि बारीकसा पाऊसही डोळ्यांना नीट दिसतो. "एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी," असे ते म्हणाले. आमचा वर्ग सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद होता. म्हणजे एक मिलिमीटर पावसात आमच्या एवढ्याशा छपरावर तीस लिटर पाणी पडते! दोन घागरी भरतील एवढे! ज्या मुलांच्या आया दोन घागरींसाठी अर्धा कोस चालत होत्या, त्यांना हा हिशेब पुन्हा समजावून सांगावा लागला नाही.

नोंद ठेवण्याचे काम गुरुजींनी मला दिले, कारण माझे घर शाळेला लागून होते. अक्षर चांगले म्हणून दिले, असे मी घरी सांगितले. वेळ सकाळी साडेआठची. भारतीय हवामानखात्याची स्थापना १८७५ साली झाली; त्या खात्यासाठी देशभर पावसाची मोजणी सकाळी साडेआठ वाजता होते. आपल्या साडेआठला ग्रिनिचला पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि ती वेळ जगभरच्या वेधशाळांनी निरीक्षणासाठी ठरवलेल्या वेळांपैकी एक आहे. आपण वहीत आकडा लिहितो त्याच क्षणी दूरदूरच्या देशांत कोणीतरी आपापला आकडा लिहीत असते, हे ऐकून मी पहिले काही दिवस अंघोळ करून व टोपी घालून मोजणीला जात असे.

वहीत तीन रकाने होते: तारीख, पाऊस आणि शेरा. १ जूनपासून मी लिहू लागलो. शून्य. शून्य. शून्य. मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्या, तरी आभाळ भरून यायचे आणि वाऱ्याबरोबर निघून जायचे. रोज तेच शून्य काढण्याचा मला कंटाळा आला. एकदा मी शून्याच्या खाली दोन छोट्या रेघा ओढून 'वरीलप्रमाणे' अशी खूण केली. गुरुजींनी ती खोडायला लावली. ते म्हणाले, "कालचे शून्य कालचे. आजचे आज काढ." मला वाटले, शून्यासारख्या गोष्टीतही हे शिळे-ताजे पाहतात, मोठी माणसे उगीच अडून बसतात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मामांची बैलगाडी आमच्या गावाला आली होती. परत जाताना मामा म्हणाले, "चल, दोन-तीन दिवस राहून ये." गुरुजी नेमके त्या आठवड्यात सभेसाठी तालुक्याला गेले होते. दुसऱ्या कोणाला काम सांगावे, तर सांगायला वेळ हवा आणि मामा बैल जुंपून उभे. मी वही उघडली. दीड महिना ज्या आभाळाने थेंब दिला नव्हता, ते तीन दिवसांत काय देणार? मी पुढच्या तीन तारखा घातल्या, त्यांच्यापुढे तीन सुबक शून्ये काढली आणि गाडीत जाऊन बसलो.

मामांच्या गावी थेंबही पडला नाही. चौथ्या रात्री उशिरा मी घरी परतलो आणि सकाळी साडेआठ वाजता शहाण्या मुलासारखा पर्जन्यमापकाकडे गेलो. नरसाळे उचलले, बाटली काढली आणि माझे हात गार पडले. बाटलीत चांगले दोन बोटे पाणी होते.

आजही ते पाणी मला दिसते. दीड महिना ज्याची वाट पाहिली ते पाणी हाती आले होते आणि मला त्याची भीती वाटत होती. ते कोणत्या दिवशी पडले? पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या? एकदाच पडले, की थोडे थोडे? बाटली काही बोलेना. वहीत तर तीन शून्ये ठसठशीत बसलेली. मी इकडेतिकडे पाहिले. मैदानात कोणी नव्हते. मी बाटली तशीच नेली आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी रिकामी केली. मोजलेसुद्धा नाही. कोरड्या मातीने ते पाणी क्षणात गिळले. ओला डाग तेवढा काही वेळ राहिला. तोही मी पायाने माती सारून झाकला.

दुपारी गुरुजी परत आले. शाळा सुटण्याच्या वेळी आमच्या गल्लीतले एक म्हातारे शेतकरी वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. डोईचे मुंडासे सारखे करीत त्यांनी विचारले, "गुरुजी, परवा रात्री पाऊस झाला, तो तुमच्या मापानं किती भरला? बाजरी टाकावी म्हणतोय. ओल पुरंल का न्हाई, कळंना."

गुरुजींनी वही मागवली. पान उघडले आणि बराच वेळ ते नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "येथे शून्य लिहिले आहे."

"असं कसं गुरुजी?" म्हातारे म्हणाले, "माझ्या वळचणीखाली घमेलं भरलं हुतं."

त्यांच्या स्वरात राग नव्हता. त्यामुळे मला अधिकच लाज वाटली. ते आपल्या डोळ्यांवर अविश्वास दाखवू लागले होते. वहीत शून्य आहे, म्हणजे घमेल्याचीच काही चूक झाली असेल, असे काहीसे त्यांच्या चेहऱ्यावर होते. घरात उरलेले बियाणे एकदाच पेरता येईल एवढे. ओल नसता पेरले तर ते जळून जायचे, ओल असता न पेरले तर दिवस हातचे जायचे. अशा वेळी ते आमच्या वहीला विचारायला आले होते.

गुरुजी त्यांना म्हणाले, "क्षमा करा. आमच्याकडून मोजायचे राहिले. तुम्ही शेतात खणून ओल पाहा आणि तिच्यावरच विसंबा." त्यांनी 'आमच्याकडून' म्हटले. माझ्याकडे पाहिलेही नाही. म्हातारे गेले. त्यांनी खणून पाहिले, ओल दोन बोटेच होती आणि त्यांनी पेरणी केली नाही, हे मला मागाहून कळले.

सर्व मुले गेल्यावर मी गुरुजींजवळ गेलो आणि बैलगाडीपासून कडुनिंबापर्यंत सगळे सांगितले. मार बसेल असे वाटत होते. खरे म्हणजे बसावा असेही वाटत होते. मार मिळाला की हिशेब मिटतो, अशी त्या वयात आमची समजूत असे. गुरुजींनी हात उगारला नाही. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "आता येथे काय लिहावे?"

मी म्हणालो, "शून्ये खोडतो. पाणी दोन बोटे होते. अंदाजाने आकडा लिहू का?"

"शून्य हा तुझा एक अंदाज होता. हा दुसरा होईल," गुरुजी म्हणाले. "अरे, शून्य हा आकडा आहे. पाहिले आणि काही नव्हते, म्हणजे शून्य. तू पाहिलेच नाहीस. मग जे झाले तेच लिही."

मी तिन्ही शून्यांवर एकेक रेघ ओढली. खरवडू दिली नाहीत त्यांनी. प्रत्येकापुढे मी शाईने लिहिले: 'पाहिले नाही.' ती अक्षरे माझ्या इतर अक्षरांहून लहान आली आहेत. ती वही सातवी पास होऊन जाताना गुरुजींनी मलाच दिली. कागद पिवळा पडला आहे, पण ते पान अजून वाचता येते.

पुढचा पावसाळा कसा गेला, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७२चा दुष्काळ म्हटले की त्या वयाची माणसे अजून गप्प होतात. विहिरी आटल्या, गुरे बाजारात कवडीमोलाने गेली. माझे वडील आणि आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. कामावर सुकडी मिळे; रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळे, तिची भाकरी थापताना आईच्या हातात तुटे. गावोगावच्या या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पण आम्हा मुलांना तेव्हा एवढेच कळे, की घरी संध्याकाळी कोणी फारसे बोलत नाही.

उद्या कामाची हजेरी लागेल की नाही, पाणी कोठून आणावे, बैल ठेवावा की विकावा, यांतील एकाही गोष्टीवर माझे काही चालत नव्हते. पण साडेआठ वाजता मैदानात जाऊन बाटली पाहणे माझ्या हातात होते. लोक थट्टा करीत, "काय रे, आज किती शून्यं पडली?" मी ती नीट पाहून लिही. चमत्कार असा, की पाहून लिहिलेल्या शून्याचा मला पुन्हा कधी कंटाळा आला नाही. दोन शून्ये कागदावर सारखी दिसतात एवढेच. त्यांच्या सकाळी सारख्या नसतात. शेऱ्याचा रकाना, जो मी जूनमध्ये कोरा सोडत होतो, तो ऑगस्टमध्ये भरू लागला. 'वारा पश्चिमेचा, ढग उंच.' 'मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढत आहेत.' 'चिमण्या धुळीत न्हाल्या.' 'पावशा ओरडला, पाऊस नाही.' त्या वर्षी आमच्या घरात सुख नव्हते, असे मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. पण त्या तीन-चार मिनिटांत माझे मन निवांत असे, हेही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घरी परत येऊन मी आईला शेरा वाचून दाखवी. ती चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणे, "पावशा मीबी ऐकला."

आता थोडे माझ्या फसलेल्या नेमांविषयी. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मी आजवर अनेक संकल्प केले आहेत. रोज १०८ सूर्यनमस्कार घालण्याचा संकल्प पाचव्या दिवशी कंबरेने मोडला. रोज संस्कृतचे वीस श्लोक पाठ करण्याचा संकल्प दुसऱ्या आठवड्यात आपोआप विसरला गेला, आणि पाठ झालेले श्लोकही त्याच्याबरोबर गेले. पहाटे चारला उठण्याविषयी न बोललेलेच बरे. हे सगळे नेम थोर होते. पावसाचा नेम अगदी लहान. कदाचित म्हणूनच तो टिकला. तो करताना मला मोठे व्हायचे नव्हते, कोणाच्या पुढे जायचे नव्हते. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जाऊन जे असेल ते पाहायचे होते. आणि तो मोडलाच, तर काय करायचे हेही मला पहिल्याच पावसाळ्यात शिकायला मिळाले होते. एक दिवस चुकला की आपण साऱ्या संकल्पावर पाणी सोडतो, किंवा चुकलाच नाही असे स्वतःला सांगतो. मी 'पाहिले नाही' असे लिहितो आणि दुसऱ्या दिवशी जातो. माझ्या वह्यांत असे शेरे थोडेथोडके नाहीत. लग्ने झाली, बदल्या झाल्या, आजारपणे झाली.

हे दोन शब्द मी पावसाच्या वहीबाहेर वापरायला मात्र फार उशिरा शिकलो. मी शिक्षक झाल्यावर माझ्या वर्गात एक मुलगी होती. भिंतीकडच्या बाकावर बसे. प्रश्न विचारला की खाली पाही, किंवा भलतेच उत्तर देई. तिच्या प्रगतिपुस्तकात मी दोन सत्रे ओळीने लिहिले: 'वर्गात लक्ष नाही.' मग एका पावसाळ्यात त्या कोपऱ्यातले छप्पर गळू लागले, म्हणून आम्ही तिचा बाक उचलून दुसऱ्या बाजूच्या भिंतीशी नेला. त्या दिवसापासून ती उत्तरे देऊ लागली, बरोबर उत्तरे. तिला डाव्या कानाने फारसे ऐकू येत नव्हते आणि इतके दिवस तिचा चांगला कान भिंतीकडे होता.

दुसऱ्या सत्राचे ते पान मी घरी नेले. दौत पुढे घेऊन बराच वेळ बसलो. मुख्याध्यापकांची सही झालेल्या पानावर खाडाखोड करण्याची रीत नव्हती. तरी मी 'वर्गात लक्ष नाही' या शब्दांवर एकच रेघ ओढली आणि बाजूला लिहिले, 'शिक्षकांनी पाहिले नाही.' खाली सही केली. त्याबद्दल मला कार्यालयात बोलावून विचारण्यात आले. मी सांगितले ते तेथे कितपत पटले, कोण जाणे. पण तिच्या आईने ते पान दोनदा वाचले.

आता पाऊस किती पडला हे हातातल्या फोनवर कळते. माझा मुलगा मला ते आवर्जून दाखवतो. मीही पाहतो, त्यात वाईट काही नाही. पण फोनमधला आकडा आमच्या परसातला नसतो. चार घरांपलीकडे सर येते आणि आमचे अंगण कोरडे राहते, हे माणदेशात वाढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. हवामानखाते ज्या दिवशी अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, त्याला पावसाचा दिवस म्हणते. माझ्या वहीत तेवढ्या पावसाला तांबड्या शाईचा मान आहे. १९७२च्या वहीत तांबडी शाई शोधावी लागते.

मध्यंतरी, पावसाळ्यात, मला ताप आला आणि तीन दिवस अंथरुणातून उठता आले नाही. तेव्हा सहावीत असलेली माझी नात आमच्याकडे राहायला आली होती. मी तापाच्या ग्लानीत होतो. वहीविषयी कोणाला काही सांगितल्याचे मला आठवत नाही. चौथ्या दिवशी जरा हुशारी वाटली, तेव्हा मी काठी घेऊन परसात गेलो, मोजणी केली आणि वही उघडली. त्या तीन तारखा तिच्या गोल अक्षरात भरलेल्या होत्या. पहिल्या तारखेपुढे लिहिले होते: 'आजोबा आजारी. पाहिले नाही.' दुसऱ्या तारखेपुढे ४.२ आणि शेरा: 'नरसाळ्यावर गोगलगाय होती. उचलून अळूवर ठेवली.' तिसऱ्या तारखेपुढे एक मोठे, नीट वळवलेले शून्य होते आणि त्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिले होते, 'दोनदा पाहिले.'